मैदान कोणाचे आणि किल्ली कोणाकडे?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण मनातल्या मनात हसले असतील. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर करमणुकीचे उद्यान व्हावे की नको, खेळांची स्टेडियमे कोठे आणि कोणासाठी बांधावीत, हा का उमापुरात बोलण्याचा विषय? येथे कापसाच्या भावाचे रडगाणे दरवर्षीचे आहे. दिवाळी सरते न सरते तोच ऊसतोडीच्या टोळ्या कोयते बांधून बाहेर पडतात आणि गाव निम्मे रिकामे होते. अशा ठिकाणी शर्यतीच्या घोड्यांची गोष्ट कशाला काढावी?

शंका रास्त आहे. परंतु विषय मी निवडलेला नाही, तो येथल्याच कार्यकर्त्यांनी सुचवला. आपल्या भागातला तरुण आता 'आम्हाला स्टेडियम पाहिजे' असे म्हणू लागला आहे, त्याचा धाकटा भाऊ 'शेजारी पाळण्यांची बाग पाहिजे' असे म्हणतो, आणि या दोघांना काय उत्तर द्यावे हे आपल्याला उमगत नाही, अशी त्यांची अडचण आहे. ती खरी आहे. आपण दुष्काळावर बोलतो, रोजगार हमीवर बोलतो, मुकादमाच्या उचलीवर बोलतो. खेळ आणि करमणूक हा पोट भरलेल्यांचा विषय आहे असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. गरिबाच्या पोराला भाकरीची भूक असते तशी खेळाचीही असते, हे आपल्या ठरावांत कोठे दिसत नाही. म्हणून त्या तरुणाची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महालक्ष्मीची हकीकत आधी सांगतो. सुमारे २११ एकरांची ही मोकळी जागा मुंबईच्या ऐन मध्यावर आहे. १८८३ पासून तेथे घोड्यांच्या शर्यती होत आल्या. जमीन काही सरकारची, काही महापालिकेची. ताबा भाडेपट्ट्याने रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. हा पट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला. त्याच सुमारास महापालिकेतील सत्ताधाऱ्यांनी तेथे थीम पार्क उभारण्याची कल्पना पुढे आणली आणि वाद पेटला. तो अकरा वर्षे चालला. अखेर जून २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाटणी केली : १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी, ९१ एकर शर्यतींसाठी क्लबकडे. म्हणजे एका कुंपणाच्या अल्याड खेळ आणि पल्याड करमणूक, असा शेजार आता तेथे व्हायचा आहे.

या वादात दोन पक्ष होते. एक म्हणत होता, मूठभर श्रीमंतांच्या जुगारासाठी एवढी जमीन का अडवून ठेवायची? दुसरा म्हणत होता, आज निदान ती मोकळी आहे, सकाळी लोक फिरायला येतात. एकदा 'विकास' आत शिरला की पाळण्यांच्या मागोमाग दुकाने येतील, दुकानांच्या मागोमाग इमारती. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. क्लबसाठी अश्रू ढाळण्याचे मला कारण नाही, आणि १२० एकर जमीन सर्वांसाठी खुली होत असेल तर तिचे स्वागत करण्यात आपण कद्रूपणा करू नये. तथापि या साऱ्या चर्चेत एका माणसाला कोणी काही विचारले नाही. तो माणूस म्हणजे तेथून जवळच गिरणगावात राहणारा.

गिरण्यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार, आणि त्यानंतर एकेक करून थंड पडलेली धुरांडी हे आपणास ठाऊक आहे. त्या गिरण्यांच्या जमिनी मिळून सुमारे ६०० एकर भरत होत्या. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमीन विकसित करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळावयाची होती. २००१ मध्ये या नियमात एक बारीकशी दुरुस्ती झाली : हा हिशेब सगळ्या जमिनीवर न करता केवळ मोकळ्या पडलेल्या भागावर करायचा. गिरणीत मोकळी जागा असून असून किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही वाट अडवली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. दोनशे एकर मैदाने आणि बागा मिळाव्यात अशी जी आशा होती, तिचे कागदावरच तुकडे झाले. ज्या शहराने आपल्या कामगारांच्या अंगणातली एवढी जमीन हातची घालवली, तेच शहर नंतर शर्यतीच्या मैदानावर बाग करावी की करू नये यावर अकरा वर्षे भांडत बसले. या भांडणात मला थोडी गंमत वाटते, ती याचमुळे.

आता दुसरी हकीकत, स्टेडियमची. नवी मुंबईत घणसोली येथे शासकीय क्रीडा संकुलासाठी २००३ साली वीस एकर जमीन राखून ठेवली गेली. संकुल झाले नाही. २०१६ मध्ये त्याच जमिनीचा भाग घरे आणि दुकाने बांधण्यासाठी खाजगी विकासकाला देण्यात आला. मग संकुलाचे काय? २०२१ मध्ये ठरले की ते रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या नाणोरे येथे करावे. घणसोलीपासून नाणोरे ११५ किलोमीटर! उमापुरातल्या पोराला सांगावे की तुझे मैदान मंजूर आहे, फक्त ते पार दुसऱ्या जिल्ह्यात आहे, शाळा सुटल्यावर खेळून ये, तसाच हा प्रकार. वास्तुविशारदांच्या संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला. न्यायालयाने मुलांची बाजू घेतली हे चांगले झाले. परंतु वीस वर्षांत जी मुले वाढून मोठी झाली, त्यांचे बालपण कोणते न्यायालय परत देणार?

स्टेडियम या वस्तूविषयी आपल्या मनात एक भाबडेपणा आहे, त्याबद्दलही बोलले पाहिजे. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ सालचे. ते क्लबच्या मालकीचे. तेथल्या सामन्यांच्या तिकिटांत क्रिकेट संघटनेचा वाटा किती, यावरून बखेडा झाला आणि संघटनेने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले. ते वानखेडे स्टेडियम. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिज संघाविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते शेषराव वानखेडे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे दुसऱ्या स्टेडियमची गरज पडली ती खेळणाऱ्यांना जागा अपुरी होती म्हणून नव्हे. भांडण खुर्च्यांचे होते. त्याच मुंबईत दादरला शिवाजी पार्क आहे, आझाद मैदान आहे. तेथे तिकीट नाही, दरवाजा नाही, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. आणि कसोटीपर्यंत पोहोचलेले कितीतरी फलंदाज त्याच धुळीतून आले. स्टेडियम प्रेक्षक जमवते. खेळाडू घडतो तो मैदानात. कधीकधी एकाच जागी दोन्ही होते, नाही असे नाही, पण आपण मागताना नेमके काय मागत आहोत हे माहीत असावे.

मी ज्या तालुक्यात लहानाचा मोठा झालो, त्याचे नाव सांगत नाही. तेथे शाळेमागे एक उघडे माळरान होते. संध्याकाळी एका कडेला कबड्डी, दुसऱ्या कडेला विटीदांडू, मध्ये म्हशी. पुढे तेथे स्टेडियम झाले. भिंत आली, दगडी पायऱ्या आल्या, कोनशिला आली, लोखंडी फाटक आले आणि फाटकाला कुलूप आले. किल्ली ज्या गृहस्थांकडे असे ते दुपारी झोपत आणि संध्याकाळी गावात नसत. पोरे भिंतीवरून उड्या मारून आत जाऊ लागली तेव्हा भिंतीवर काचा बसवल्या. लग्नसराईत मात्र फाटक सताड उघडे, कारण भाडे मिळे. म्हशींना बाहेर काढले याचे मला फार दुःख नाही. पोरांनाही त्यांच्याच बरोबर बाहेर काढले, याचे आहे.

खेळ आणि करमणूक शेजारी शेजारी असावेत की असू नयेत, असा प्रश्न काही मंडळी फार गंभीरपणे विचारतात. पाळण्यांच्या गोंगाटाने खेळाडूंचे चित्त विचलित होईल, सामन्याच्या गर्दीने बागेचा विचका होईल, वगैरे. त्यांनी आपल्या भागातली कोणतीही जत्रा पाहावी. देवळापुढच्या माळावर एकीकडे पाळणे फिरत असतात, रेवड्यांची आणि बांगड्यांची दुकाने लागलेली असतात, रात्री तंबूत तमाशा असतो. आणि त्याच माळावर तिसऱ्या प्रहरी हलगीच्या कडकडाटात कुस्त्यांचा फड रंगतो. रेवडीची कुस्ती खेळणारे पोर पाच मिनिटांपूर्वी पाळण्यात बसलेले असते. जत्रा उठली की माळ पुन्हा गावाचा. दुसऱ्या दिवशी तेथे शेळ्या चरतात. या शेजाराने कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर कोल्हापुरात झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परत येऊन खासबागेत कुस्तीचे मैदान बांधवले. ते १९१२ साली खुले झाले. मध्ये तांबड्या मातीचा आखाडा, भोवती चढत गेलेला उतार, की शेवटच्या रांगेतल्या हमालालाही पुढच्या सरदाराइतकेच दिसावे. त्याला लागूनच त्यांनी नाट्यगृह उभारले, ते १९१५ साली तयार झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा कोल्हापूरकरांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्याची पुनर्बांधणी करा ही मागणी पैलवानांनीही केली आणि नटांनीही केली असेल, तर त्यात नवल नाही. राजा असूनही शाहू महाराजांना जे सुचले, ते लोकशाहीतल्या आपल्या नियोजनकारांना का सुचू नये? शेजार वाईट नसतो. दोन्हींना कुंपण घालून दोन्हींच्या दाराशी तिकीट लावले, म्हणजे वाईट होतो. बाजारासाठी बांधलेल्या करमणूक उद्यानांचे तिकीट शेतमजुराच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीला भारी पडते, आणि इतके करूनही ती उद्याने फायद्यात चालतातच असे नाही. खोपोलीजवळ २०१३ साली मोठ्या गाजावाजाने उघडलेल्या उद्यानाची मालकी कर्जाच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये बदलली, हे अलीकडचेच उदाहरण आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर दूर, म्हणून पोर पायी जाई, उशीर झाला की धावत जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला. तेथे त्याच्या पायांची पारख झाली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो धावला. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक घेऊन आला. पण त्याला घडण्यासाठी पुण्याच्या तालमीत जावे लागले. या दोघांचे सत्कार आपण जोरात केले. फेटे बांधले, फलक लावले. परंतु त्यांच्या यशात जिल्ह्याचा वाटा किती, असे कोणी विचारले तर आपण काय सांगणार? सहा किलोमीटरचा रस्ता आम्ही पुरवला, एवढेच.

योजना नाहीत असे नाही. विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याची योजना शासनाने २००३ साली आखली. २०२२ मध्ये तालुका संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेण्यात आली. पैसा वाढला याचा आनंद आहे. पण पाच कोटी म्हटले की प्रथम कोण जागे होते ते तुम्ही जाणता. खेळशिक्षकाच्या पगारात ठेकेदाराला काही उरत नाही, भिंतीत उरते. म्हणून भिंत आधी होते आणि शिक्षक कधीच येत नाही.

आणि जागा? येथे मला जरा थांबायचे आहे, कारण या प्रश्नावर आपल्यातच मतभेद आहेत. स्टेडियम असो, बाग असो, सरकारी बाबूचे बोट पहिल्यांदा गायरानावर जाते. नकाशावर ते रिकामे दिसते. मराठवाड्यात गायरान रिकामे नसते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात हजारो माणसे तुरुंगात गेली. याच बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी पुढे गायरानाची चळवळ गावोगाव नेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे कबूल केले. तरीही कित्येक दलित कुटुंबांच्या हाती आजही सातबारा नाही. ती दगड वेचून, बांध घालून कसत आली आहेत, आणि कागदावर मात्र अतिक्रमक आहेत. उलट २०११ पासून सामाईक जमिनी मोकळ्या ठेवण्याचे न्यायालयांचे आदेश आहेत, आणि तेही बिल्डर व पुढारी यांनी गिळलेल्या जमिनी पाहता योग्यच आहेत. पण आदेशाचा वरवंटा फिरतो तेव्हा पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयाला वळसा घालतो आणि मांगवाड्यातल्या ज्वारीवरून जातो.

तेव्हा कोणी तुम्हाला सांगितले की गावाच्या पोरांसाठी गायरानावर स्टेडियम करतो, तर आनंदाने टाळ्या वाजवण्याआधी त्या गटावर कोण कसतो हे पाहा. पैलवानाचे पोर आणि भूमिहीनाचे पोर यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा हा सोपा मार्ग आहे. बऱ्याच गावांत ही दोन्ही पोरे एकाच घरची असतात, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मग मागायचे काय? माझे मत तुम्ही मान्यच करावे असा आग्रह नाही, पण सांगतो. ज्यावर कोणाचे पोट नाही अशी दोन-अडीच एकर सपाट जागा, शाळेला लागून असेल तर उत्तम. सावलीला कडेने लिंबाची झाडे, एक पाण्याचा नळ, तालमीसाठी तांबडी माती. कडेला चार पाळणे आणि एक घसरगुंडी जरूर असू द्या, लहान पोरांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्यांनाही बसायला जागा पाहिजे. भिंत नको, जनावरे आवरायला काटेरी झाडांचे कुंपण पुरते. आणि एक खेळशिक्षक, जो पगारी असेल आणि रोज येईल. हे सारे मिळून पाच कोटी होत नाहीत. कदाचित त्याचमुळे हे मंजूर व्हायला कठीण आहे!

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली मुलींची. आपल्याकडे मुलगी सातवी-आठवीत गेली की मैदानावरून नाहीशी होते. ती घरात असते, विहिरीवर असते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते, मैदानावर नसते. स्वच्छतागृह नाही, आणि संध्याकाळी माळावर टवाळ पोरे बसलेली असतात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत मुलगे आणि मुली एकत्र खेळत, ही गोष्ट १९४१ साली सुरू झाली. आज तेवढेही आपण गावात घडवू शकत नाही, याची मला लाज वाटते. दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या पोरांची. मैदान बांधाल ते कोणत्या महिन्यात वापरले जाईल? दिवाळीपासून पुढे पाच-सहा महिने ही पोरे कारखान्याच्या फडावर कोप्यांत असतात, वाढे गोळा करतात. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर झाली. वसतिगृह गावाजवळ आले तरच पोर गावात राहील, आणि पोर गावात राहिले तरच मैदानाला अर्थ. म्हणून या दोन मागण्या वेगवेगळ्या अर्जांवर लिहू नका, एकाच अर्जावर लिहा.

बोलणे लांबले. कामाचे एवढेच राहिले आहे की ग्रामसभेपुढे ठराव मांडायचा तर हातात कागद हवा. गायरानाच्या प्रत्येक गटाचा सातबारा, कोणत्या गटावर कोणते कुटुंब किती वर्षांपासून कसते त्याची यादी, आणि शाळेभोवतालच्या मोकळ्या जागांचा नकाशा. तलाठ्याकडे जाण्यासाठी पाच जण लागतील, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात आणि ज्या वस्तीचे लोक गायरान कसतात तेथला एक तरी असावा. ती नावे आत्ताच, सतरंजी गुंडाळण्यापूर्वी, वहीत लिहून घेऊ.